भातालाही मेड, वरणालाही मेड

गोष्ट सुरू झाली वीस चपात्यांपासून.

आमच्या लालबागच्या चाळीत, मजल्याच्या टोकाच्या खोलीत राहणाऱ्या मावशी लोअर परळच्या एका टॉवरमध्ये स्वयंपाकाला जातात. एकविसावा मजला, तीन माणसं, सकाळ-संध्याकाळ. गेल्या श्रावणात एका संध्याकाळी त्यांच्या मॅडमचा मेसेज आला. मावशींना इंग्रजी अक्षरं लागतात. सातवीपर्यंतची शाळा आणि तीस वर्षांची मुंबई, दोन्ही मिळून तेवढं होतंच. मेसेजात त्यांना 'मेक' दिसलं, 'चपाती' दिसलं, 'टुडे' दिसलं. 'मेक'च्या आधी एक बारका शब्द होता: डी, ओ, एन, टी. त्यांचा मुलगा उठता-बसता 'डन' म्हणतो, त्याचाच हा कुणी चुलतभाऊ असेल असं समजून त्यांनी कणीक मळायला घेतली. विसावी चपाती तव्यावर असताना मॅडम बाहेर जायच्या कपड्यांत स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बोलल्या असत्या तर बरं झालं असतं," मावशी म्हणाल्या. "नुसत्या हसल्या."

त्यातल्या बारा चपात्या चाळीत आल्या, चार माझ्या ताटात. आणि त्यांच्याबरोबर मावशींचं मागणं: "ताई, मला इंग्रजी शिकवाल का? बोलायला नको. कळायला हवं."

हा फरक मला फार आवडला. मुलाने त्यांना आधी एका क्लासला घातलं होतं, 'तीस दिवसांत फाडफाड' म्हणणाऱ्या. तिथे पहिले चार दिवस 'हाऊ डू यू डू' चाललं. एकविसाव्या मजल्यावर मावशींना आजवर कुणी हे विचारलेलं नाही. त्यांनी पाचव्या दिवशी जाणं सोडलं, फी गेली ती गेलीच.

मीही काही इंग्रजीची पंडिता नव्हे. मराठी शाळा, आणि आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून. पहिलीपासून सगळ्यांना इंग्रजी आलं ते २००० साली, तोवर मी बँकेत चिकटले होते. आमच्या बाईंनी 'ॲम, इज, आर, वॉज, वेअर' पाढ्यांसारखं म्हणून घेतलं आणि आम्ही सतराच्या पाढ्याइतक्याच प्रेमाने ते म्हटलं. हे असं का, हे कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. मावशी मात्र विचारतात. पन्नाशीत शिकणाऱ्याला शिकवण्यातली खरी अडचण हीच आहे.

सुरुवात 'डोन्ट'पासूनच करावी लागली, कारण घाव तिथे होता. मराठीत नकार किती सुटसुटीत. 'करू नका'. कामाच्या मागे 'नका' लावलं की झालं. इंग्रजीत 'नॉट' कुठल्याही क्रियापदाला असा थेट चिकटत नाही. चारशे वर्षांपूर्वी चिकटायचा, 'मेक नॉट' असं म्हटलेलं चालायचं. आता त्याला 'डू'चं बोट धरूनच यावं लागतं. प्रश्न विचारायचा तरी हाच 'डू' पुढे उभा राहतो. आणि गंमत अशी की तिथे तो स्वतः काहीच करत नाही. वाक्यात 'इज', 'कॅन', 'विल' यांच्यापैकी कुणी हजर असेल तर याला कुणी विचारत नाही. त्यांच्यापैकी कुणी नसेल तरच याला बोलावणं.

"बदली कामगार," मावशी म्हणाल्या.

मी पुस्तक मिटलं. त्यांचे सासरे गिरणीत होते आणि सुरुवातीची कित्येक वर्षं बदलीवर. रोज पाळीच्या वेळी गेटवर जाऊन उभं राहायचं, कायमचा माणूस आला नाही तर आत, आला तर परत घरी. व्याकरणाच्या पुस्तकांनी 'डू'बद्दल पानंच्या पानं लिहिली आहेत. 'बदली कामगार' हे दोन शब्द मला एकाही पानावर सापडले नव्हते. पुढचं मग आपोआप सुटलं. 'शी मेक्स'मधला तो शेवटचा 'एस' प्रश्न विचारताना 'डज'कडे जातो आणि 'मेक' मोकळा होतो. 'डिड' आला की भूतकाळाचा भारही त्याच्याच डोक्यावर. "बदलीवाल्यालाच जास्त ओझं देतात," मावशींनी सांगितलं. 'डिड शी मेड' अशी चूक बँकेतले माझे साहेब वीस वर्षं करत होते. मावशींनी ती एकदाही केली नाही.

दुसरा आठवडा रामायणावर गेला. 'रामाने रावणाला मारलं.' शब्दांची जागा हवी तशी बदला, सहा प्रकारे वाक्य होतं, आणि सहाही वेळा रावणच मरतो. इंग्रजीत 'राम किल्ड रावण' म्हणा आणि फक्त दोन नावांची अदलाबदल करा, दसऱ्याला शोक करायची वेळ येईल. असं का? तर आपला 'ने' आणि 'ला' शब्दाच्या अंगावरच असतो.

मावशींचा दीर डबेवाला आहे, मावळातला. त्यामुळे पुढचं उदाहरणही त्यांनीच दिलं. डबा हातगाडीच्या कुठल्याही कोपऱ्यात असू दे, वर असो नाहीतर तळाशी, झाकणावरची खूण वाचली की तो कुठल्या स्टेशनात उतरणार, कुठल्या इमारतीत जाणार ते कळतं. 'ने', 'ला', 'त', 'हून' या आपल्या झाकणावरच्या खुणा. इंग्रजीचे डबे कोरे. मग ओळखायचं कसं? बेस्टच्या थांब्यावरच्या रांगेसारखं. तिथे कुणाच्या कपाळावर काही लिहिलेलं नसतं, पण पहिला उभा तो पहिला चढणार. क्रियापदाच्या आधी उभा असेल तो करणारा, नंतर उभा असेल तो भोगणारा. रांग मोडली की अर्थ मोडला.

हजार वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत झाकणांवर खुणा होत्या, हे मला नंतर वाचताना कळलं. नामांना विभक्तीचे प्रत्यय लागायचे. बोलता बोलता ते झिजले, आणि झिजले तशी रांगेची शिस्त कडक होत गेली. थोडा रंग शिल्लक आहे तो 'ही'चा 'हिम' होतो, 'आय'चा 'मी' होतो तिथे. हो, इंग्रजीतल्या 'मी'चा अर्थ 'मला'. यावर आमचा एक अख्खा तास हसण्यात गेला.

रांगेचा आणखी एक हट्ट म्हणजे पहिली जागा रिकामी ठेवायची नाही. आपण नुसतं 'आले' म्हणतो, कोण ते ज्याला कळायचं त्याला कळतं. इंग्रजीत कुणीच नसेल तर 'इट'ला आणून उभं करतात. 'इट इज रेनिंग.' "पडतंय कोण?" मावशींनी विचारलं. कुणीच नाही. २६ जुलै २००५ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, तोही 'इट'च. त्या दिवशी मावशी कमरेएवढ्या पाण्यातून परळहून घरी आल्या होत्या. अशा पावसाला 'इट' म्हणणं त्यांना अजून पटलेलं नाही.

मग भूतकाळ. मी मुद्दाम स्वयंपाकघरातली वाक्यं घेतली. मी भात केला. मी वरण केलं. मी भाजी केली. मी चपात्या केल्या. मी पोहे केले. इंग्रजीत? मेड, मेड, मेड, मेड, मेड. मावशींचा विश्वास बसेना. "भातालाही मेड, वरणालाही मेड?" त्यांना वाटलं मी शिकवायचा कंटाळा करतेय.

त्यांना समजावताना मला माझीच भाषा नव्याने दिसली, हे मान्य करायला हवं. शाळेत कर्मणी प्रयोग पाच मार्कांसाठी घोकला होता. पण तो करतो काय, हे तेव्हा बघितलं नव्हतं. काम चालू असेपर्यंत मराठी क्रियापद करणाराकडे बघतं: मी करते, तो करतो. काम झालं की ते मान वळवतं आणि केलेल्या वस्तूकडे बघतं. भात मी केला, त्याने केला, मुलांनी केला, 'केला'च. करणारा बाई की बुवा, एक की चार, क्रियापदाला घेणंदेणं नाही.

"आमच्या घरीपण तसंच," मावशी म्हणाल्या. "भात कसा झाला ते बघतात. कोणी केला ते नाही."

इंग्रजी 'मेड' मात्र कुणाकडेच बघत नाही. ना करणाराकडे, ना भाताकडे. मावशी गप्प बसल्या आणि थोड्या वेळाने म्हणाल्या, "पण ताई, मेड तर मी आहे." टॉवरच्या फाटकावरच्या पडद्यावर रोज सकाळी त्यांचा फोटो येतो आणि फोटोखाली हा शब्द. स्पेलिंग वेगळं, मी दाखवलं. पण कानाला दोन्ही सारखे, आणि देवनागरीत लिहिले तर डोळ्यालाही. त्यांनी वहीत लिहिलं: 'मेड मेड राइस.' कामवालीने भात केला. सुरुवातीला 'द' हवा होता. मी लाल पेन उचललं नाही.

त्याच्या दुसऱ्याच दिवशी 'यू' आला. इंग्रजीत तू नाही, तुम्ही नाही, लहानथोर सगळ्यांना एकच 'यू', हे मावशींना माहीत होतं. सगळ्यांप्रमाणे त्यांचाही समज असा की साहेबाची भाषा सगळ्यांना अरे-तुरे करते. माझाही होता. पण मग 'यू आर' का? एका माणसाला 'इज' का नाही? कारण 'यू' मुळात अनेकवचन आहे. एकाला म्हणायचा शब्द वेगळा होता, 'दाऊ'. मध्ययुगात फ्रेंच दरबारी रिवाजाच्या वाऱ्याने मोठ्या माणसाला एकटा असला तरी 'यू' म्हणायला लागले, आपण 'तुम्ही' म्हणतो तसंच. मग कुणाचा अपमान नको म्हणून ज्याला त्याला 'यू', आणि 'दाऊ' रोजच्या बोलण्यातून उठून गेला. राहिला तो प्रार्थनेत आणि काही खेड्यांच्या बोलीत. म्हणजे इंग्रजीत हरवला तो 'तू'. उरला तो 'तुम्ही'.

मावशींनी हे दोनदा सांगायला लावलं. मॅडम त्यांच्याशी हिंदीत बोलतात, 'तुम' म्हणतात. मॅडमचा सात वर्षांचा मुलगा 'तू' म्हणतो. "आणि मेसेजात मला अहो-जाहो करतात?"

व्याकरणाने तर तेच म्हणायला हवं, मी म्हटलं.

"त्यांना माहीत आहे का?"

नसावं.

हे चालू असताना मी माळ्यावरची बाबांची वही काढली. बाबा गिरणीत होते, पहिली पाळी संपवून परळच्या एका रात्रशाळेत जायचे. त्या पिढीत इंग्रजी शिकायचं म्हणजे तर्खडकरांची भाषांतरमाला, डाव्या हाताला मराठी वाक्य, उजव्या हाताला इंग्रजी. तर्खडकर हे आडनाव व्याकरणाला नवीन नव्हे. त्याच आडनावाच्या दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मुंबईत मराठी भाषेचं व्याकरण लिहिलं. पण बाबांना हे ठाऊक नव्हतं. त्यांना टाइमकीपर व्हायचं होतं आणि त्यासाठी रजिस्टर वाचता यायला हवं होतं.

वहीतलं अक्षर सुतासारखं सरळ. शेवटचा धडा 'पॅसिव्ह व्हॉइस'चा. दार उघडलं गेलं, पत्र लिहिलं गेलं, वगैरे. खाली तारीख जानेवारी १९८२. त्या महिन्याच्या १८ तारखेला संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगारांचा. तो रीतसर मागे घेतला गेलाच नाही. बघा, माझंही वाक्य कर्मणीतच आलं. कोणी मागे घ्यायचा हे सांगावं लागत नाही म्हणून कर्मणी सोयीचा.

बाबा पुढची सगळी वर्षं एकच वाक्य बोलायचे: 'गिरणी बंद पडली.' पाऊस पडतो, फळ पडतं, तशी गिरणी पडली. आमच्या शेजारचे कॉम्रेड काका त्यांना दर वेळी तोडायचे: 'पडली नाही, पाडली.' एका कान्याचा फरक. त्या एका कान्यात मालक, सरकार, पुढारी, जमिनीचे भाव, सगळं मावतं. बाबांचा काना कधी पडला नाही. भांडायची ताकद नव्हती की त्यांना खरंच तसं वाटत होतं, ते मी विचारलं नाही. इंग्रजीत हा काना कसा लिहायचा हे मी बराच वेळ शोधत बसले. 'द मिल क्लोज्ड' म्हणजे पडली, 'दे क्लोज्ड द मिल' म्हणजे पाडली, पण क्रियापद दोन्हीकडे तेच, हूं नाही की चूं नाही. आणि बाबा जिथे थांबले त्या धड्यात 'द मिल वॉज क्लोज्ड' होतं. ते 'बंद केली गेली' आहे, 'पडली' नव्हे. इंग्रजीच्या त्या 'वॉज'मागे निदान कुणीतरी आहे, दडलेला का असेना. बाबांनी आणखी एक महिना रात्रशाळा केली असती तर काय झालं असतं कोण जाणे. रात्रशाळेची फीसुद्धा पगारातून जायची.

मावशी काम करतात तो टॉवर गिरणीच्याच जमिनीवर आहे. बाबांच्या नव्हे, दुसऱ्या.

असो.

शनिवारी मावशी लेकीकडे डोंबिवलीला जातात. आमच्या करी रोडला धीमीच गाडी थांबते, तेवढा वेळ फलाटावर उभं राहावं लागतं. मी त्यांना अभ्यास दिला: घोषणा ऐकायच्या. एकच मजकूर आधी मराठीत, मग हिंदीत, मग इंग्रजीत, फुकट. बाळशास्त्री जांभेकरांनी ६ जानेवारी १८३२ला याच शहरात 'दर्पण' काढला तो असाच होता, एक रकाना इंग्रजी, शेजारी मराठी. फलाटावरचा भोंगा मला त्याचा गरीब नातू वाटतो. मराठीत 'येणारी गाडी कल्याणला जाणारी धीमी लोकल आहे', यातलं 'आहे' अगदी शेवटी. इंग्रजीत 'इज' मध्येच येऊन उरकतं आणि कल्याण सगळ्यात शेवटी. 'कल्याणला'तला मागचा 'ला' तिथे पुढे येऊन 'फॉर कल्याण' होतो. मावशींनी सोमवारी वही आणली, त्यात दोन बाण काढलेले. एक शेवटून मध्ये, एक मागून पुढे. इंग्रजी वाक्यरचनेचं याहून नेटकं चित्र मी पाहिलेलं नाही. त्यांना 'ऑन द ट्रेन' मात्र खटकलं. गाडीत बसतात, गाडीवर टपोरी पोरं बसतात. खरं आहे, पण मोटारीसाठी 'इन' आणि ट्रेनसाठी 'ऑन' असंच आहे. काही गोष्टी पाठ कराव्यात आणि पुढे जावं.

उरला 'द'. आपल्याकडे नसलेली वस्तू शिकवणं कठीण. 'अ' म्हणजे एखादा, 'द' म्हणजे 'आपला तो', एवढंच मी सांगितलं. बाजारातून कुकर आणायचा असेल तर 'अ कुकर'. ओट्याखालचा, तुम्हालाही माहीत, मलाही माहीत, तो 'द कुकर'. सांगणारा आणि ऐकणारा दोघांच्या ओळखीची वस्तू असल्याशिवाय 'द' लागत नाही. 'अ' की 'ॲन' हे तर त्यांना माझ्याआधी जमलं. तिथे अक्षर बघायचं नसतं, आवाज ऐकायचा असतो. 'ॲन अवर', पण 'अ युनिव्हर्सिटी'. वाचून शिकलेली माणसं इथे अडखळतात, ऐकून शिकलेली नाहीत.

परवा रात्री साडेनऊला मावशी फोन हातात घेऊन आल्या. मॅडमचा मेसेज. शनिवारी अलिबागला जाणार: 'वी आर ऑल गोइंग'. आणि खाली, 'प्लीज पॅक द स्मॉल कुकर'.

"कुकर कळला," त्या म्हणाल्या. "द आहे, म्हणजे आपला तो तीन लिटरचा. पण ताई, हे 'वी' कुठलं? आपण, की आम्ही?"

मी मेसेज दोनदा वाचला. 'आम्ही जातोय' म्हटलं असतं तर मावशींना दोन दिवस सुट्टी. 'आपण जातोय' म्हटलं असतं तर मांडव्याची बोट आणि दोन दिवस परक्या ओट्यावर पाच-सहा माणसांचा स्वयंपाक. इंग्रजीत दोन्हीला 'वी'. त्या 'ऑल'ने एकीकडे ओढावं, 'पॅक'ने दुसरीकडे.

"मी विचारू का त्यांना?" मी म्हटलं.

"नको." त्यांनी चष्मा वर केला आणि एका बोटाने टाइप केलं. तीन शब्द, शेवटी प्रश्नचिन्ह: 'ॲम आय कमिंग?' 'ॲम' पुढे, 'आय' मागे. कायमचा माणूस हजर होता, बदली लागली नाही.

दोन खुणा निळ्या झाल्या. वर 'टायपिंग' दिसलं, गेलं. पुन्हा दिसलं. मी चहा टाकला.